वेश करून डिस्नेला जायचंय? आधी वय बघा

भारतातून फ्लोरिडाला येणाऱ्या पाहुण्यांच्या बॅगेत हल्ली एक गोष्ट हमखास सापडते. नातीसाठी शिंप्याकडून शिवून आणलेला किंवा ऑनलाइन मागवलेला राजकन्येचा घेरदार झगा. त्याला कुणाची काही हरकत नसते. पंचाईत होते ती त्याच कापडातला दुसरा झगा मावशीसाठीही आणलेला असतो तेव्हा. मायलेकी, मावशी-भाची एकसारख्या वेशात, किल्ल्यासमोर फोटो, असा सगळा बेत ठरलेला असतो. आणि मग हॉटेलच्या खोलीत आदल्या रात्री कुणीतरी नियम वाचून दाखवतं.

पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी हे सगळं क्रमाने लिहून ठेवतोय. मुख्यतः ऑर्लँडोजवळचं वॉल्ट डिस्ने वर्ल्ड आणि कॅलिफोर्नियातल्या अनाहाइमचं डिस्नेलँड यांच्याबद्दल, कारण आपली बहुतेक मंडळी तिथेच जातात. शेवटी युनिव्हर्सलच्या बागा आणि टोकियोचं डिस्नेलँड यांबद्दलही थोडं.

पहिली पायरी: घरातल्या प्रत्येकाचं वय लिहून काढा

मूळ नियम साधा आहे. नेहमीच्या दिवशी १४ वर्षं आणि त्याहून मोठ्या कुणालाही पात्राचा पूर्ण वेश करून या मनोरंजनाच्या बागांमध्ये येता येत नाही. मुखवटाही लावता येत नाही. १३ वर्षांपर्यंतच्या मुलांना वेश चालतो, मुखवटाही चालतो, फक्त त्याने सगळा चेहरा झाकता कामा नये आणि डोळे दिसले पाहिजेत.

गोंधळ होतो तो निरनिराळ्या कामांसाठी निरनिराळी वयं असल्यामुळे. तीन वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही. ३ ते ९ वर्षांना लहान मुलांचं तिकीट, १० वर्षांपासून पूर्ण तिकीट. डिस्ने वर्ल्डमधल्या मॅजिक किंगडम या बागेत, सिंड्रेलाच्या किल्ल्यात मुलींना राजकन्या आणि मुलांना सरदार म्हणून सजवून देणारं बिबिडी बॉबिडी बुटीक आहे, ते ३ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी. आणि वेशाची मर्यादा १३ पूर्ण, १४ नाही. म्हणजे तेरा वर्षांचा मुलगा तिकिटाच्या खिडकीवर मोठा, बुटीकमध्येही मोठा, पण वेशापुरता अजून लहान. आईवडिलांना हे अजिबात पटत नाही, विशेषतः पूर्ण तिकिटाचे पैसे भरल्यावर.

एक आकडा मात्र दोन ठिकाणी जुळतो. १४ वर्षांखालच्या मुलाला एकट्याने बागेत शिरता येत नाही, बरोबर निदान १४ वर्षांचं कुणीतरी लागतं. ज्या वयात मुलगा एकटा आत येऊ शकतो, त्याच वयापासून वेश बंद. असं लक्षात ठेवलं की पुन्हा नियम शोधायला नको.

वय प्रवासाच्या दिवशीचं धरा. एप्रिलमध्ये बुकिंग केलं तेव्हा पोरगी तेराची होती आणि ऑक्टोबरमध्ये चौदाची झाली, तर झगा घरी राहिला. उलट बारा वर्षांचा मुलगा बापाच्या खांद्याला लागत असेल, तर त्याच्या पासपोर्टच्या पहिल्या पानाचा फोटो मोबाइलमध्ये असू द्या. कुणी विचारेलच असं नाही, पण विचारलं तर दारात वाद घालण्यापेक्षा ते बरं.

हे असं का?

हा भाग गाळून पुढे गेलात तरी चालेल. पण कारण कळलं की उरलेले नियम पाठ करावे लागत नाहीत, आपोआप ओळखता येतात.

लग्नाच्या हॉलमध्ये एखादी पाहुणी मुंडावळ्या बांधून, हिरवा चुडा भरून, थेट नवरीच्याच थाटात आली तर जे होईल, तेच मोठ्या बाईने सिंड्रेलाचा निळा झगा घालून बागेत फिरण्याने होतं. तिथे सिंड्रेला आधीच आहे. ती डिस्नेची नोकरी करते, तिने कसं बोलायचं, कसं चालायचं, मुलांना कसं भेटायचं हे तिला शिकवलेलं आहे. चार वर्षांच्या पोरीला खरी सिंड्रेला कोणती आणि हौसेने आलेली कोणती हे कळत नाही. ती दिसेल त्या सिंड्रेलाकडे धावणार, वही पुढे करणार, हात धरणार. आता त्या झग्यातली व्यक्ती कोण, कशी, हे बागेला ठाऊक नसतं. खरी अडचण ही आहे. तुम्ही बालिश दिसता म्हणून कुणी अडवत नाही, तुम्ही खरे वाटता म्हणून अडवतात. आठ वर्षांच्या सिंड्रेलाला कुणीही किल्ल्यातली सिंड्रेला समजत नाही, म्हणून तिला मोकळीक.

दुसरं कारण सुरक्षेचं. डिसेंबर २०१५मध्ये ऑर्लँडोतल्या मोठ्या बागांनी दारावर मेटल डिटेक्टर बसवले, डिस्नेने खेळण्यातल्या बंदुका विकणं थांबवलं आणि त्याच वेळी १४ वर्षांची ही रेघही जाहीर केली. मोठ्या माणसाचा चेहरा झाकलेला, अंगावर थरावर थर कपडे, हातात शस्त्रासारखं काही, या तिन्ही गोष्टी दारावरच्या माणसाला नको असतात. पुढचे बहुतेक बारीकसारीक नियम यातूनच निघालेत.

दुसरी पायरी: लहानांचा वेश निवडताना

इथे नियमांपेक्षा हवामान जास्त छळतं. फ्लोरिडाचा उन्हाळा म्हणजे आपला मुंबईतला मे महिना आणि वर रोज दुपारी विजांसह पाऊस. त्यात बाजारातला राजकन्येचा झगा असतो पॉलिएस्टरचा, खाली जाळीचे तीन थर, छातीवर टिकल्या. दुकानात सुंदर दिसतो. अकरा वाजेपर्यंत टिकल्या काखेत घासून कातडी लाल होते, जाळी मांड्यांना टोचायला लागते आणि राजकन्या भोंगा पसरते.

म्हणून झगा विकत घेतलात तरी घरी एकदा उलटा करून बघा. आतून सुती अस्तर नसेल तर शिंप्याकडून लावून घ्या, किंवा आत साधी सुती बनियन आणि सायकलिंग शॉर्ट्स घालायला द्या. गळ्यामागचं वेल्क्रो केसात अडकतं, ते काढून हूक लावा. घेर घोट्याच्या चार बोटं वरच हवा. लहान मुलांना लांब झगा चालतो, पण चालत्या पट्ट्यावर पाय ठेवून राइडमध्ये बसताना तो पायात येतो आणि ढकलगाडीच्या चाकात तर हमखास. शिवून घेणार असाल तर शिंप्याला जाळी एकच थर लावायला सांगा, फुगवटा थोडा कमी येईल, चालेल.

काचेच्या चपलांसारख्या दिसणाऱ्या प्लॅस्टिकच्या चपला फक्त फोटोपुरत्या. पायात रोजचे बूट. दिवसभरात लहान मूलसुद्धा मैलोन्‌मैल चालतं तिथे.

मुलांच्या वेशात घोळ होतो तो तलवारीपाशी. शाळेच्या फॅन्सी ड्रेससाठी ड्रेपरीवाल्याकडून आणतो तसली पत्र्याची तलवार, किंवा जत्रेतली टिकल्यांची बंदूक, यातलं काहीही बॅगेत भरू नका. खऱ्या शस्त्रासारखं दिसणारं खेळणं दारावर अडतं. चाच्याचा वेश करायचाच असेल तर डोक्याला लाल रुमाल, पट्ट्यापट्ट्यांचा टीशर्ट आणि कमरेला शेला एवढ्यावर भागतं.

कुणी विचारतं, मुलाला शिवाजी महाराजांच्या वेशात नेलं तर? नियमाने तेरा वर्षांपर्यंत हरकत नाही, डिस्नेचंच पात्र पाहिजे अशी अट अमेरिकेत नाही. जिरेटोप, अंगरखा, चोळणा ठीक. चिकटवायची दाढी मात्र घामाने तासाभरात सुटते, आणि तलवारीचं वर सांगितलंच.

वेश करून आलेल्या मुलांना तिथले कर्मचारी पात्राच्या नावानेच हाक मारतात. झग्यातल्या मुलीला झाडूवाल्यापासून आइस्क्रीमवाल्यापर्यंत प्रत्येक जण ‘प्रिन्सेस’ म्हणतो. लाजाळू मुलीला हे आधी सांगून ठेवा, नाहीतर पहिल्या हाकेला ती आईच्या मागे लपते आणि दिवसभर बाहेर येत नाही.

दुपारचे कपडे वेगळे ठेवाच. साधा टीशर्ट, हाफ पँट, एक प्लॅस्टिकची पिशवी. किल्ल्यासमोरचे फोटो आणि पात्रांच्या भेटी सकाळी उरकून घ्या, जेवणानंतर झगा पिशवीत. मॅजिक किंगडममधली टियानाज बायू अ‍ॅडव्हेंचर ही पाण्याची राइड वेश उतरवल्यावर घ्या. ओली जाळी अंगाला चिकटली की ती सोलून काढावी लागते.

बुटीकला जाणार असाल तर बुकिंग बरंच आधी करावं लागतं. सगळ्यात महाग पॅकेजमध्ये झगाही येतो, पण स्वतःचा झगा नेऊन फक्त केस आणि मेकअपचं पॅकेज घेता येतं. शिंप्याकडून शिवून आणलेल्या झग्याचं खरं सार्थक इथे होतं. केसांचा घट्ट अंबाडा बांधून त्यावर जेल आणि चमकी मारतात. आजीने प्रेमाने आदल्या रात्री डोक्याला तेल थापलं असेल तर तो अंबाडा बसत नाही. आजीला नाराज न करता हे कसं सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. ती चमकी पुढे आठवडाभर उशीवर सापडत राहते, हेही सांगून ठेवतो.

तिसरी पायरी: चौदाच्या पुढच्यांनी काय करायचं

आता मावशी. तिची हौस मोडायची काहीच गरज नाही.

टोरांटोच्या लेस्ली के या तरुणीने २०११मध्ये एक प्रकार लोकप्रिय केला, त्याला डिस्नेबाउंडिंग म्हणतात. पात्राचा वेश न करता त्याचे रंग आणि एखाददुसरी खूण घेऊन रोजचेच कपडे घालायचे. ओळखणारा ओळखतो, आणि कुठलंही पोर तुम्हाला खरं पात्र समजत नाही. बागेच्या नियमात हे बसतं, उलट कर्मचारी ओळखून दाद देतात.

स्नो व्हाइट घ्या. पिवळा स्कर्ट, निळा टॉप, केसांना लाल रिबीन. झालं. मिकीसाठी काळा टीशर्ट, लाल हाफ पँट, पिवळे बूट. ‘टॉय स्टोरी’तल्या वुडीसाठी पिवळा चौकडीचा शर्ट, निळी जीन्स, गळ्यात लाल रुमाल. जलपरी एरियलसाठी जांभळा टॉप, हिरवी लेगिंग आणि गळ्यात शिंपल्याचं लॉकेट. मालवणच्या किंवा अलिबागच्या किनाऱ्यावर मिळतं तसलं लॉकेट घरूनच न्या.

आपल्या कपाटात तर याची खाणच आहे. मोरपंखी कुर्ता, सोनेरी झुमके, मोठी वेणी: जास्मिन. हळदी रंगाची कॉटनची साडी, केसात लाल गुलाब: बेल. फिकट हिरव्या रंगाचा अनारकली, केसात पांढरं कमळ असलेली क्लिप: टियाना. आजोबांना पांढरा शर्ट, काळा बो टाय आणि खिशाला रंगीत फुग्याचा एक बिल्ला लावला की ‘अप’ चित्रपटातले फुग्यांच्या घरातले आजोबा तयार, आणि ते तर कुठल्याही वेशाशिवायच तसे दिसतात.

कुठे थांबायचं याची कसोटी साधी. हे कपडे घालून तुम्ही त्याच संध्याकाळी एखाद्या साध्या हॉटेलात जेवायला बसू शकाल का? लोक वळून बघणार नसतील, तर ते चालेल. विग, मुकुट, झगा आणि हातमोजे सगळं एकदम चढवलंत तर तो वेश झाला. एकट्या मुकुटाने किंवा मिकीच्या कानांनी काही बिघडत नाही, कान तर कुठल्याही वयाला चालतात.

साडी, नऊवारी, फेटा, सलवार-कमीज हे वेशात मोजत नाहीत, ते आपले कपडे आहेत. पण जमिनीवर लोळणाऱ्या कपड्यांना तिथे मनाई आहे, लग्नाचा पायघोळ झगा हे त्याचं त्यांनीच दिलेलं उदाहरण. त्यामुळे साडी थोडी वर नेसा, पदर पिनअप करा. थरांचे कपडे असतील तर दारावर तपासले जाऊ शकतात, त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. राइडच्या दृष्टीने पाचवारीपेक्षा नऊवारीच बरी, काष्ट्यामुळे पाय मोकळे राहतात.

नटूनथटून जायची हौस असेल आणि पात्राशी देणंघेणं नसेल, तर डॅपर डे नावाचा एक प्रकार आहे. २०११पासून वर्षातले ठरावीक दिवस हौशी मंडळी जुन्या काळच्या सुटाबुटात, टोप्यांत, गोल घेराच्या फ्रॉकमध्ये बागेत जमतात. हा डिस्नेचा स्वतःचा कार्यक्रम नाही, पण बागेला तो चालतो. कडक इस्त्रीचा कोट घालणाऱ्या आपल्या काकालोकांसाठी याहून चांगला दिवस नाही.

एक कोडं मात्र मला अजूनही सुटलेलं नाही. २०१९मध्ये दोन्ही ठिकाणी स्टार वॉर्सचा भाग उघडला. तिथल्या दुकानात जेडाय या त्यातल्या योद्ध्यांचे झगे मोठ्यांच्या मापातही विकायला ठेवले, आणि चौदाच्या वरच्यांनी तो झगा बागेत घालू नये असा नियमही तसाच ठेवला. विकत घ्यायचा, पिशवीत घालायचा, घरी जाऊन आरशासमोर घालायचा. लाइटसेबर, म्हणजे त्यांची प्रकाशाची तलवार, हातात धरून फिरायला मात्र परवानगी.

चौथी पायरी: मोठ्यांना वेश करायचाच असेल तर हॅलोविन

पूर्ण वेशाची हौस असणाऱ्यांसाठी एक रस्ता उघडा आहे, हॅलोविन या ऑक्टोबरअखेरच्या सणानिमित्त होणाऱ्या रात्रीच्या पार्ट्या. मॅजिक किंगडममध्ये मिकीज नॉट-सो-स्केअरी हॅलोविन पार्टी होते, १९९५ साली एका रात्रीपुरती सुरू झालेली ही पार्टी आता ऑगस्टपासून ऑक्टोबरच्या शेवटापर्यंत ठरावीक रात्री चालते. कॅलिफोर्नियात डिस्नेलँडशेजारच्या डिस्ने कॅलिफोर्निया अ‍ॅडव्हेंचरमध्ये २०१९पासून ऊगी बूगी बॅश होते. दोन्हींना वेगळं तिकीट लागतं आणि दोन्हीकडे सगळ्या वयांना वेश चालतो.

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात ते असे: ऑक्टोबर महिना, बागेत भोपळे लागलेत, सगळीकडे नारिंगी तोरणं, म्हणजे वेश चालत असणार. नाही. पार्टीचं तिकीट नसेल तर ३१ ऑक्टोबरच्या दुपारीसुद्धा चौदाच्या वरच्यांना तोच रोजचा नियम. वेशाची मोकळीक महिन्याला नाही, त्या तिकिटाला आहे. फ्लोरिडाच्या पार्टीला सातला सुरुवात होत असली तरी पार्टीच्या तिकिटावर चारपासून आत सोडतात, त्यामुळे सकाळचं तिकीट वेगळं काढायची गरज नाही. दुपारी झोप काढा आणि वेश करूनच निघा.

पार्टीतही मोठ्यांना अटी आहेत. झगा जमिनीला टेकता कामा नये, म्हणजे पायघोळ राजकन्या तिथेही नाही, घोट्याच्या वर कापून घ्या. पाठीवरचा शेला कमरेच्या खाली नको. सुपरमॅनसारखा पोटऱ्यांपर्यंतचा शेला शिवला असेल तर दारात कात्री शोधत बसाल. मुखवटा चौदाच्या वर अजिबात नाही, डोक्यावर काहीही घाला पण चेहरा उघडा पाहिजे. सगळं शरीर वेढून टाकणारा पोशाख शक्यतो नको, म्हणजे फुगवून घालायचा डायनोसॉर घरीच बरा. पारदर्शक पंख, प्लॅस्टिकचे लाइटसेबर, खेळण्यातली तलवार, ट्यूटू स्कर्ट चालतात. टोकदार काही नको, खऱ्या शस्त्रासारखं दिसणारं काही नको, बीभत्स किंवा रक्ताळलेलं काही नको. लहान मुलांची पार्टी आहे हे डोक्यात ठेवून शिवलंत की चुकायचं नाही.

आणि एक अट, जी लोक वाचतात आणि आत गेल्यावर विसरतात. वेश कितीही हुबेहूब असला तरी अनोळखी लोकांबरोबर पात्र म्हणून फोटोला उभं राहायचं नाही आणि सही द्यायची नाही. आपल्या घरच्यांबरोबर हवे तेवढे फोटो काढा. एखादं पोर वही घेऊन आलंच, तर हसून, गुडघ्यावर बसून, मीही तुझ्यासारखीच मिकीला भेटायला आलेय असं सांगा. मुलाला ते लगेच पटतं, त्याच्या आईला थोडा वेळ लागतो.

जोडीने किंवा गटाने वेश करणार असाल तर पात्रं अशी निवडा की एकाचा वेश नियमात अडला तरी बाकीच्यांचा निरर्थक होऊ नये. सात बुटक्यांपैकी एक साध्या टीशर्टमध्ये असला तरी खपून जातं. घोड्याच्या पुढच्या आणि मागच्या भागात दोघं जण असाल तर नाही खपत.

पाचवी पायरी: दारावर

बाहेर आधी सुरक्षा तपासणी, मग तिकीट. वेशात असणाऱ्यांनी कमरेचे धातूचे पट्टे, साखळ्या, बिल्ले आधीच काढून बॅगेत टाकावेत. आपल्याकडच्या भरजरी दागिन्यांनाही हे लागू. मुलाचा मुखवटा तपासणीच्या वेळी हातात ठेवा.

कर्मचाऱ्याने कपड्यांबद्दल काही म्हटलं तर ते बहुतेक वेळा फार सौम्यपणे म्हणतात, आणि त्या सौम्यपणाचा अर्थ बोलणी चालू आहेत असा घ्यायचा नाही. कुणाला आत सोडायचं नाही हा अधिकार त्यांच्याकडे आहे. ‘काल तर एकाला सोडलं होतं’ हा आपला आवडता युक्तिवाद तिथे चालत नाही. बॅगेत साधा टीशर्ट आणि पँट असेल तर पाच मिनिटांत प्रश्न सुटतो. नसेल तर हॉटेलवर परत, किंवा जवळच्या दुकानातून महागडा टीशर्ट. वेशाच्या आत साधे कपडे घालून जाणं ही युक्ती हिवाळ्यात ठीक, सप्टेंबरमध्ये तुम्ही उकडून निघाल.

घरून निघायच्या आदल्या दिवशी त्या बागेच्या संकेतस्थळावरचं कपड्यांचं पान एकदा वाचा. पार्टीच्या अटी वेगळ्या पानावर असतात, तेही वाचा. कुणाच्या तरी व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या जुन्या यादीवर विसंबू नका, या लेखावरही वर्षानुवर्षं विसंबू नका.

इतर बागांमध्ये

युनिव्हर्सलच्या ऑर्लँडोतल्या बागांमध्ये हॅरी पॉटरच्या भागात शाळेचा काळा झगा घालून फिरणारी पन्नाशीची माणसं सर्रास दिसतात. हा भाग २०१०मध्ये उघडला, जादूगारांची बाजारपेठ डायगन अ‍ॅली २०१४मध्ये, आणि झगे, मफलर, छड्या विकणं हा त्या भागाचाच एक खेळ आहे. तिथला झगा म्हणजे शाळेचा गणवेश, तो घातल्याने तुम्ही कुणी विशिष्ट पात्र होत नाही, एक विद्यार्थी होता. त्यामुळे वर सांगितलेली सिंड्रेलाची अडचण तिथे येत नाही. डिस्नेने मोठ्या माणसांना वेश नाकारून जी हौस दाराबाहेर ठेवली, ती युनिव्हर्सलने गिऱ्हाइकी केली, असं माझं मत. जोरदार रोलर कोस्टरवर बसण्याआधी छडी आणि सुटं सामान लॉकरमध्ये ठेवायची तयारी ठेवा.

पण त्याच युनिव्हर्सलची हॅलोविन हॉरर नाइट्स ही रात्रीची भीतिदायक जत्रा असते, तिथे नियम बरोबर उलटा. वेश आणि मुखवटे कुणालाच नाहीत, वय काहीही असो. कॅलिफोर्नियात ब्युएना पार्कच्या नॉट्स बेरी फार्ममध्ये १९७३पासून चालणाऱ्या स्केअरी फार्मलाही हेच. कारण उघड आहे. अंधारात, धुरात, लोकांच्या अंगावर धावून जाणारी भुतं तिथे पगारी आहेत. पाहुणाही भूत बनून आला तर कोण नोकरीवर आणि कोण तिकीट काढून हे कळायचं कसं? हॅलोविन म्हटलं की वेश, असं गृहीत धरून डिस्नेच्या पार्टीचे कपडे दुसऱ्या दिवशी हॉरर नाइट्सला नेऊ नका.

डिस्नेच्या धावण्याच्या शर्यती हा आणखी एक अपवाद. जानेवारीत होणाऱ्या वॉल्ट डिस्ने वर्ल्ड मॅरेथॉनमध्ये मोठी माणसं ट्यूटू, पंख, शेले घालून पहाटेच्या अंधारात बागांमधून धावतात. शर्यतीचे कपड्यांचे नियम स्वतंत्र आहेत. शर्यत संपवून त्याच कपड्यांत तिकीट काढून बागेत शिरायचं म्हटलं की पुन्हा चौदाची रेघ आडवी येते, तेव्हा सामानाच्या पिशवीत बदलायचे कपडे ठेवा.

टोकियोत वेगळाच हिशेब. तिथे वर्षभर वेशाची मोकळीक प्राथमिक शाळेपर्यंतच्या मुलांना, म्हणजे साधारण बारा वर्षांपर्यंत. मोठ्यांना पूर्ण वेश फक्त शरद ऋतूतल्या हॅलोविनच्या काळात, आणि तोही डिस्नेच्याच पात्रांचा. म्हणजे अमेरिकेतल्या पार्टीत चाललेला जिरेटोप मोठ्यांना इथे चालणार नाही. गंमत म्हणजे या काळात वेगळ्या पार्टीचं तिकीट लागत नाही, रोजच्याच तिकिटावर सगळी बाग वेशात फिरत असते. तारखा दर वर्षी जाहीर होतात, त्या बघूनच रजा टाका. निशिकासाई भागात राहणाऱ्या मराठी घरांना ही बाग नदीपलीकडेच आहे. कोट, बूट, विग सगळं चढवून लोकलमध्ये चढायचा मोह होईल, पण तसं करू नका. जपानी शिस्तीत वेश बागेशी येऊन बदलायचा असतो, त्यासाठी कपडे बदलायची सोय करतात. संध्याकाळी तिथल्या रांगेचा अंदाज घेऊन आतषबाजी संपायच्या थोडं आधीच बाहेर पडा, म्हणजे साधे कपडे चढवून गर्दीच्या आधीची गाडी मिळते.